रनिंग-इन

चाकाखाली लिंबू चिरडलं.
शोरूमचा पोरगा म्हणाला, "ताई, पहिले हजार किलोमीटर
पाच हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही."
अण्णा लगेच, "ऐकलंस ना?"

मुंबई नाक्यावरून निघालो.
पुढं त्यांची एम-एटी,
इंडिकेटर केव्हाचा मेलेला,
म्हणून लेन बदलताना हात काढतात,
मलाच काय, अख्ख्या हायवेला सांगतात.
मागं मी: टाकीवर ओलं कुंकू,
आरशावर प्लास्टिक,
ओणवं बसून मनगटं भरून आलेली.

एक दुधाचे कॅनवालाही पुढं गेला.

पाथर्डी फाट्याला सिग्नल.
शेजारचा ओरडला, "ओढ की!"

हिरवा लागला.
अण्णांची किक बसेना.
एक. दोन. चप्पल निसटली.
मागून सगळे हॉर्न.

मी पहिल्या गिअरात,
क्लच दाबून,
जागची हलले नाही.