समासातली पेन्सिल

लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच.
पुढच्या बावीस पायऱ्या दगडी, मधोमध झिजलेल्या.
अशील कुणी इथवर चढलं नसेल,
अशिलांचे कागद तेवढे चढले.

खोरशेदबाईंनी माझं ओळखपत्र दोनदा वाचलं.
"ट्रान्सलेटर? दिवाणी कोर्टाची? बस नी, पण पेन बाहेर ठेव."
मग हातमोजे दिले, पांढरे, एक बोट उसवलेलं.
कपाट उघडलं तसा वास आला,
डांबरगोळ्या, सरस, आणि कातडं,
चपलांच्या दुकानात येतं तसं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

इथं सगळं बांधून ठेवलेलं:
कज्जे, वाटण्या, दत्तकपत्रं, बुडालेल्या गलबतांचे विमे,
पाठीवर सोनेरी आकडे.
फक्त कसर कुणाचा हुकूम मानत नव्हती,
निकालांतून आरपार गेली होती.

खंड कासकरांनी आणला.
शिपाईही तेच, बाइंडरही तेच.
उशीवर टेकवला, आजाऱ्याला बसतं करावं तसा.
पान दोनशे अकरा.
माझगावची कोळीण. बोंबील वाळवायची जागा.
समोर गोदीवाले, त्यांचे तीन बॅरिस्टर.
छापताना तिची 'डॅकली' झालेली.
मी मनातल्या मनात दुरुस्त केलं: धाकलीबाय.
साक्ष साडेचार ओळींची.
जागा आपली नाही, हे साक्षीदार कबूल करते.
त्याखाली निकाल. खर्चासह.

त्या ओळीशेजारी पेन्सिलीची रेघ,
आणि मोडीत काहीतरी, हात न उचलता लिहिलेलं.
मला मोडी येत नाही.
कासकर दादरला रविवारच्या वर्गाला जातात,
रिटायर झाल्यावर काय करायचं म्हणून.
चष्मा कपाळावर चढवून वाकले,
बोट कागदापासून वीतभर वर:
"बाई... असे... बोलली नाही."
पुन्हा पाहिलं. "हेच आहे. बोलली नाही."

सही नव्हती. दुभाषाच असणार, दुसरं कोण?
खंड छापून, बांधून इथं येईस्तोवर
दोनतीन वर्षं तरी गेली असतील.
तेवढे दिवस ते वाक्य तोंडात धरून
तो या पायऱ्या चढला.
मग ती काय बोलली, ते लिहिलं नाही.
समास दोन बोटांचा.

परवाच एका म्हाताऱ्याचं 'ठावं नाय'
मी 'आठवत नाही' करून दिलं.
वकील घाईत होते, साहेब घाईत होते.
माहीत नसणं आणि विसरणं
यांत किती अंतर पडतं,
ते त्या क्षणी मलाही ठावं होतं.

खोरशेदबाई वहीत नोंद करत होत्या.
"पेन्सिल होय तो खोडायची, नियम छे."
कासकरांनी खिसे चाचपले,
वरचा, मग पँटचे दोन्ही,
मग खंड मिटून छातीशी धरला.
"रबर संपलंय, बाई.
मार्चपासून मागतोय."