बाद रेघ

सव्वीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात रेघा शोधतोय.
नाशिकरोडला, ट्यूबलाइटखाली, शाईच्या वासात
एक शीट समोर येते, उलटते, जाते.
केसाएवढी शाई घसरली असली तरी
डोळा अडतो, हात शिक्का उचलतो : बाद.
पैसा म्हणजे काय, मला विचारू नका.
मला तो कागद म्हणून माहीत आहे
आणि चुकलेल्या कागदाचा भुसा होतो, एवढं.

तेरा डिसेंबरला कॅन्टीनमध्ये वाद पेटला.
पेपरात कुठल्याशा यानाचा खर्च आला होता.
गांगुर्डे नंबरिंगला असतो. तर्रीत पाव बुडवत
त्यानं शून्यं मोजली, दोनदा.
"एवढ्यात आमच्या सिन्नरकडं किती नळ आले असते रे?"
कोणी म्हणालं, एवढ्यात आता सिनेमाही निघत नाही.
कोणी म्हणालं, आण कागद, दुपारपर्यंत छापून देतो.
सगळे हसले. मीही.
नळाचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं, म्हणून म्हणालो,
"रात्री येतोस? मिथुनेतल्या उल्का पडणार आहेत."
"तिकीट केवढ्याचं?"

पेट्रोल शंभरचं. खारे दाणे वीसचे.
थर्मासभर चहा, घरचाच.
सतरंजी जुनी, आणि दोन कानटोप्या,
त्यातली गोंड्याची माझ्या मुलाची, ती गांगुर्डेला बसली.
दिंडोरी रस्त्यानं रामशेजच्या मागं गेलो,
शहराचा पिवळा उजेड पाठीवर घेऊन.
तिथं बागेत काशिनाथ महाले राखणीला होता.
मण्यांना थंडी लागू नये म्हणून
वेलींच्या ओळींतून शेकोट्या धुमसवत बसलेला.
"काय हरवलं?"
"काही नाही. तारे तुटताना बघायचेत."
"ते रोजच तुटतात," म्हणाला.
धूर आमच्याच अंगावर येतोय हे बघून
त्यानं बांधालगतच्या दोन शेकोट्यांवर माती लोटली.
हे मी खर्चात धरलं नव्हतं.

अर्धा तास काही नाही. थंडी, आणि गांगुर्डेची मान.
मग पुनर्वसूजवळून एक निघाली,
मृगाच्या खांद्याला घासून गेली.
"ती बघ!"
"कुठं?"
"गेली."
प्रत्येक वेळी डोळा सवयीनं अडायचा,
अंधारात बोटं शिक्का चाचपायची.
रेघ म्हणजे चूक, हे हाडांत मुरलेलं.
एकोणिसावी की विसावी गेली तेव्हा कळलं,
हात कधीचा ढेकळावर नुसता पडून आहे.

गांगुर्डेला सांगितलं, हा साबुदाण्याएवढा खडा असतो फार तर.
फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे, त्याची ही सांड-लवंड.
शंभरावर वर्षं लोक हा पाऊस बघत होते
आणि कुणाचा ते कुणाला माहीत नव्हतं.
त्र्याऐंशी साली एका उपग्रहाला तो धनी सापडला.
"केवढ्याचा होता उपग्रह?"
मला आकडा ठाऊक नव्हता. शून्यं पुष्कळ, म्हणालो.
तो बराच वेळ दाणे चघळत राहिला.
"म्हणजे बघणं फुकट. नाव विचारायला गेलं की पैसे."
"हो."
"मग नाव नसतं कळलं तर..."
तेवढ्यात एक हिरवट, जाड, सावकाश,
द्राक्षांच्या पानांवर क्षणभर उजेड टाकून गेली
आणि त्याचं वाक्य तसंच राहिलं.
मागून महालेचा आवाज आला, "ही मोठी होती."
तोही बघत होता तर.

त्रेचाळीस मोजल्या. गांगुर्डे सत्तावन्न म्हणतो.
नंबरिंगवाला माणूस, त्याचंच खरं धरू.

सकाळी सातला पाळी. डोळ्यांत वाळू.
तिसऱ्या गठ्ठ्यात, वरच्या कोपऱ्यात,
निळ्या शाईची एक बारीक रेघ, तिरपी, शेवटाला विरत गेलेली.
मी नेहमीपेक्षा जरा जास्त थांबलो.
मग शिक्का मारला, अर्थात. नोकरी आहे.
पण बाजूच्या शेवाळेबाई म्हणाल्या,
"हसताय काय चुकलेल्या शीटकडं बघून?"