इंजिनाचा आवाज

पूल झाला आणि सुबरावआण्णाची नाव
आमणापूरच्या काठावर पालथी पडली.
दोन पावसाळे तिच्याखाली कुत्री व्याली.

त्याच साली आम्ही देवबागला गेलो होतो,
मेव्हण्याचं लग्न उरकून, सगळे एका ट्रॅक्समधनं.
डॉल्फिन दाखवतो म्हणाला, माणशी तीनशे.
बारा होड्या, मधे एक मादी, तिचं पिल्लू.
ती डावीकडं गेली की बाराही डावीकडं.
दर खेपेला ती वर यायची
ती पिल्लाच्या आणि आमच्या मधेच.
बायको म्हणाली, दमलीया ओ ती.
मी गुणाकार करत होतो.

घरी आल्यावर नाव सुलटी केली, डांबर लावलं,
जुनं इंजिन बसवलं, सहा केशरी जाकिटं आणली
आणि पुलाच्या कठड्याला पाटी बांधली :
कृष्णामाईतली मगर पाहा. माणशी शंभर. लहान मुलांना निम्मे.

मगर काही रोज दिसत नाही.
ती तिच्या उन्हात, तिच्या वाळूत, तिच्या मर्जीनं.
पुण्याची माणसं पैसे मोजून
नुसतं पाणी किती वेळ बघणार?
म्हणून शौकतच्या दुकानातली कोंबडीची आतडी,
पिवळ्या बादलीत.
आठवड्यात ती बादली ओळखायला लागली,
महिन्यात इंजिन.
टाळ्या पडायच्या.
आण्णा काठावर तंबाखू मळत बसलेला.
एकदाच बोलला :
"चाळीस वर्सं तिच्या अंगावरनं वल्हं मारलं,
कवा वळख दिली न्हाई तिनं.
त्येच बरं हुतं."

चैत्रात, तांबडं फुटायच्या आधी,
धोंडिराम साळुंख्यानं उसाला पाणी सोडायला
काठावरचं डिझेल इंजिन चालू केलं.
त्याचं आणि माझं एकाच कंपनीचं.
तो गुडघाभर पाण्यात जाळीतला गाळ काढत होता.
ती आली.
तोंड उघडून थांबली,
बादलीची वाट बघत.

धोंडिरामची एक चप्पल गेली, बाकी काही नाही.
गावाला तेवढं पुरलं.

पिंजरा लागला. आत आतडी, नेहमीचीच.
जीपच्या हौद्यात ती, तोंडाला दोरी, डोळ्यांवर ओलं पोतं,
पोत्यावर हात ठेवून पोरांचे फोटो.
वनरक्षक बाईंनी वही काढून विचारलं,
हिला कुणी खायला घालत होतं का?
मी सगळ्यांत पुढं उभा.
म्हणालो, न्हाई बा,
मगरीला कोण खायला घालंल?

आण्णा माझ्याकडं बघत नव्हता.
तो बघत होता वाळूकडं,
जिथं तिनं मागच्या पंधरवड्यात रात्री उकरून
पुन्हा सगळं सारखं केलं होतं.

आता तो तिथंच बसतो दिवसभर, काठी घेऊन,
कुत्री हाकलत.
नावेखाली जन्मलेली तीच कुत्री.

परवा भंगारवाल्याला इंजिन दाखवलं.
म्हणाला, एकदा चालू करा की, आवाज ऐकू दे.
मी नदीकडं पाठ करून उभा होतो.
बंद पडलंय म्हणालो.
निम्म्या किमतीत गेलं.