परवानगी

त्र्यंबकमामांच्या संगणकात गर्दी झालीय
असा फोन आला, म्हणून मी भोपाळहून ग्वाल्हेरला निघाले.
म्हणून, आणि पिशवीतल्या एका कागदासाठी.
कागदाचं फोनवर बोलले नव्हते.

लष्करात धुकं इतकं, की जिन्सी नाल्याच्या वळणावर
टेम्पोवाल्यानं रस्ता मलाच विचारला.

मामा कानटोपी घालून संगणकापुढे,
हात मांडीवर, परक्याच्या बैठकीत बसावं तसे.
"बघ कुंदे, मी काहीच केलं नाही.
पंचांग उघडलं फक्त. आणि हे आले."

खालच्या उजव्या कोपऱ्यातून चौकटी वर सरकत होत्या.
अभिनंदन, आपण मोटार जिंकलात.
आपल्या संगणकात सतरा विषाणू आहेत.
गुडघे दुखतात?
आणि कोणी नीलम, आपल्याच भागातली,
विचारत होती, एकटे आहात का.
"रोज विचारते," मामा म्हणाले.
"मी सांगतो, नाही गं बाई, शेजारी भदौरिया आहेत."

सेटिंग उघडली. परवानगी दिलेल्यांची यादी
खाली खाली जातच राहिली.
दोनशे अकरा.
प्रत्येकानं कधीतरी उंबऱ्याशी येऊन विचारलं होतं, येऊ का?
बटणं दोन होती. नाकारा हे दुसरं,
त्याच्यावर मामांचं बोट कधी गेलंच नव्हतं.
"समोरून विचारतोय बिचारा. नाही कसं म्हणायचं?"

हा तोच माणूस,
ज्यानं चौतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
लाल पेन्सिलीनं जगाची बिलं अडवली.
मुरैन्याकडच्या कुठल्याशा पुलाचे साडेसात रुपये
अकरा वर्षं धरून ठेवले होते यांनी.
आणि घरी आले की पेन्सिल खणात.
वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, हो.
पॉलिसीवाल्याला, त्याच्या भावालाही, हो.
आमच्या बाबांच्या गिरणीला जामीन, हो.
गिरणी दीड वर्ष चालली.

मी एकेक नाव पुसू लागले तर म्हणाले,
"थांब. मला करू दे."
माऊस धरला, पाखरू धरावं तसा.
पहिल्या नावाला म्हणाले, "क्षमस्व."
दुसऱ्यालाही.
दहाव्यापर्यंत ते पुटपुटणं झालं,
चाळिसाव्याला गजक मोडून तोंडात टाकली
आणि नुसतं, "चल."

मोफत हवामान नावाचं काहीतरी आत ठाण मांडून होतं,
बाकीच्यांना मागच्या दारानं तेच घेत होतं.
ते उपटायला तास गेला.
बाहेरचं हवामान तेवढ्यात तसूभर बदललं नाही.

नीलम शेवटी उरली.
"हिला उद्या," म्हणाले.
मग स्वतःच, "नको. आजच."

चार वाजता पंचांग उघडलं. नुसतं पंचांग.
मामा रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले.
"इतकी जागा होती होय इथं."

तेव्हा मी कागद काढला.
"मुरारच्या प्लॉटचं आहे. दादानं पाठवलंय.
हक्कसोड. नुसती सही करायची, मामा."
ते हो म्हणणार, हे मी गाडीत बसतानाच धरून चालले होते.
परतीचं तिकीटसुद्धा संध्याकाळचंच होतं.

त्यांनी चष्मा पुसला. पहिलं पान.
मी चहा ठेवायला गेले. चहा उकळला, गाळला,
आणले कप, तर तिसरं पान चालू.
मग कानटोपी काढली. खण ओढला.
आतून बोटभर उरलेली लाल पेन्सिल,
ब्लेडनं तिला टोक केलं, भुसा तळहातावर घेतला,
आणि समासात, कचेरीतल्याच अक्षरात, लिहिलं:
आक्षेप क्र. १.
पुढे एक ओळ. खाली बरीच जागा सोडली,
अजून निघतील म्हणून.

क्षमस्व म्हणाले नाहीत.
गजकाचं एक पुडकं मात्र
कागदासोबत पिशवीत घातलं, दादासाठी.