रनआउट

पवननगरला, भाजीबाजाराच्या वरच्या गाळ्यात
माझ्या ट्रेमध्ये एकोणीस बिट आहेत.
मुली येतात, नेलपॉलिशच्या शेडवर अर्धा तास घालवतात,
बिटकडे कुणी बघत नाही.
बघणारे एकटे अण्णा,
सातपूरच्या टूलरूममधून रिटायर.
पहिल्यांदा गाळ्यात आले तेव्हा चहा निवून गेला,
चष्मा कपाळावर ढकलून
ते कार्बाइडचे दात निरखत बसले होते.
"हा कट उजव्या हाताचा आहे.
तू डावरी. उलटा फिरवशील तर
नुसता घासेल, कापणार नाही.
दुकानदाराला म्हणावं, दोन्हीकडून चालणारा दे."
आणि मी दोन महिने मशीनला शिव्या देत होते.

पिवळी पट्टी सगळ्यात बारीक, मग लाल,
निळी, हिरवी, शेवटी काळी.
काळीला मी हात लावते तो लग्नसराईत,
कुणी दुसरीकडून थापून घेतलेला जेल
सिमेंटसारखा घेऊन येतं तेव्हा.
उघड्या नखावर कार्बाइड नाही, कधीच नाही.
हे मी माझ्याच अंगठ्यावर शिकले.
आडवी चर पडली होती,
वाढून टोकाला जायला तिला पाच महिने लागले.
"नख म्हणजे बिडाचा तुकडा नव्हे," अण्णा म्हणाले होते,
आणि मग आईला हाक मारून हळद मागवली होती.

काल सोमवार. गिऱ्हाईक नव्हतं.
अण्णांनी न सांगता मोजा काढला.
एकतीस वर्षं सेफ्टी शूजमध्ये कोंडलेला अंगठा,
नख बेदाण्याच्या रंगाचं,
जाड, एका बाजूने वर उचललेलं.
"हिरवा लाव," तेच म्हणाले.
"आधी रफ काढ, फिनिशिंग नंतर.
आरपीएम किती ठेवतेस?"
"आठ हजार. गरम लागलं तर सांगा."
"सांगतो ना."

भुकटी उडत होती. खाली कोणीतरी
मेथीच्या दोन जुड्यांवरून भांडत होतं,
अण्णा खिडकीतून ते ऐकत हसत होते.
मी सहज बोट टेकवलं नखाला
आणि चटकन मागे घेतलं.
"अण्णा! लागत नाही का?"
"नाही. बरं वाटतंय."

शुगर बारा वर्षांची.
मागच्या दिवाळीत तळव्यात काच घुसली होती,
ती कळली आईला,
लादीवरचे डाग पुसताना.
हे मला माहीत होतं.
माहीत असून मी हिरवा लावला,
कारण सांगणारा टूलरूमचा माणूस होता.

मशीन बंद केलं. बिट थोडा वेळ
आपल्याच नादात फिरून थांबला.

एकोणीसपैकी एकही नाही.
खणातून वीस रुपयांची साधी फाइल काढली,
उजव्या हाताचं बोट त्यांच्या अंगठ्याखाली धरलं,
जे त्यांना कळत नाही ते निदान
माझ्या बोटाला कळावं,
आणि एकाच दिशेने, हळूहळू.

"एवढं मशीन घेतलंय कशाला मग?"
अण्णा जरा रुसलेच.
रिकामं बसणं त्यांना जमत नाही,
ट्रे मांडीवर ओढला,
टेबलाच्या काचेवर एकेक बिट
घरंगळवून बघायला लागले.
सात-आठ गेले सरळ.
नंतर एक, माझा लाडका सिरॅमिक,
जाता जाता थरथरला.
"हा टाकून दे. रनआउट आहे."

महिनाभर रात्री मनगटात मुंग्या येत होत्या.
मी म्हणत होते, काम जास्त झालं,
वय झालं, थंडी आहे.

त्यांनी तो बिट शर्टाच्या खिशात
पेनाशेजारी ठेवून दिला.
टाकणार नाहीत, मला ठाऊक आहे.
घरी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात
असे कितीतरी आहेत.

"आणि दुसरा पाय?"
"उद्या," मी म्हटलं.
"मोजे सुती घालून या."