खालची बाजू

नवं तेल पाण्यासारखं असतं,
हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं.
जुनं बरं. काळं, चहाच्या गाळासारखं,
पट्टीवर कुठवर चढलंय ते मेंढीलाही कळावं.
नवं मात्र पोलादावर पोलाद होऊन बसतं,
दोन खुणांच्या मधे कुठेतरी,
किंवा नसतंच.

मी पट्टी ओढते, चिंधीने पुसते,
परत खुपसते, परत ओढते.
आभाळाकडे धरते, गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीकडे,
माझ्याच बाहीकडे.
जून संपत आलाय. इथे आइसलंडच्या उत्तरेला
या दिवसांत रात्र पडतच नाही.
उजेडाला तोटा नाही,
आणि या बोटभर रुंदीच्या पट्टीवर
डोळ्यांत तेल घालून पाहिलं
तरी तेलच तेवढं दिसत नाही.

संध्याकाळी अकुरेरीहून बाबांचा फोन.
वृद्धाश्रमातल्या खिडकीशी बसतात.
चार वर्षं झाली, नजरेतला मधला भाग गेला,
कडा तेवढ्या राहिल्या.
हवा विचारत नाहीत. किती कोकरं झाली विचारत नाहीत.
"स्टेनुन, मागच्या पेटीतलं तेल पाहिलंस?"
"पाहिलं."
"कुठवर?"
"मधे."
हे "मधे" मी पंधरा दिवस सांगतेय.

पलीकडच्या शेतावरचा ओफेइगुर म्हणाला,
पट्टीला बाळाची पावडर फास, भिजेल तिथे रेघ उठेल.
माझ्या घरातलं बाळ आता सहा फूट उंच आहे,
रोज दाढी करायला विसरतं.
पीठ होतं, पण गियरच्या पेटीत
कणीक मळायची नव्हती मला.
मेंढ्यांवर खूण करायचा निळा खडू घासून पाहिला.
पट्टी बाहेर आली ती वरपासून खालपर्यंत ओली.
नळीच्या आतल्या भिंतीच माखलेल्या,
वर येता येता खोटं शिकून येते बिचारी.

काल खालचं कुरण कापून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते.
ट्रॅक्टर उतारावरून काढला,
कुंपणाशी सपाट जागा आहे तिथे उभा केला,
बंद केला, अर्धा तास नुसती बसून राहिले.
(उतारावर काहीही जरा जास्तच भरलेलं वाटतं.)
सूर्य खाडीच्या पाण्याला टेकला होता,
बुडावं की नाही याचा विचार करत.
उजेड आडवा येत होता, जमिनीलगत,
कापलेल्या एकेका काडीला हातभर सावली.
पट्टी ओढली. उभी नाही, आडवी धरली.

कोरडं होतं तिथे पोलाद करडं.
आणि तेल होतं तिथे एक फुगीर कड,
केसाएवढी,
तांब्यासारखी पेटलेली.

एका बाजूला वर होती, दुसऱ्या बाजूला खाली.
मी नऊ वर्षांची असताना बाबा म्हणाले होते,
दोन बाजू दोन गोष्टी सांगत असतील
तर खालची खरी.
खालची बाजू खालच्या खुणेच्याही खाली होती.
चांगली अंगठाभर.

सात लिटर गेलं.
नरसाळं धरून उभी होते, पाठीत कळ यायला लागली,
तोवर सूर्य न बुडताच पुन्हा चढायला लागला.

आज फोन आला.
"कुठवर?"
"कमी होतं, बाबा. किती दिवस, ठाऊक नाही.
मधे म्हणायचे ते अंदाजाने."
पलीकडे कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.
"मंगळवारी तू गोठ्याच्या दारातून बोलत होतीस,
मागे केटिलने कापणीयंत्र उचललं.
पंप कण्हत होता."
"मग बोलला का नाहीत?"
"रोज विचारत तर होतो."

फोन ठेवून खिशातली चिंधी काढली.
दिव्याखाली धरली.
तिच्यावरही काही दिसत नव्हतं,
हाताला वास मात्र येत होता.