वजा तीन

आमच्या शाळेतला तानकाटा शून्यावर थांबत नाही.
काही न टांगता तीन दाखवतो.
नवी मुलं विचारतात, बाई, बिघडलाय का?
मी म्हणते, तीन वजा करा आणि पुढे चला.

त्या वर्षी सातवीत अकरा जण होते,
चिलोएच्या त्या बेटावर वर्ग एवढाच भरतो.
बाकावर वीट ठेवली, दोरी बांधली,
काटा लावून ओढली. पाच, सहा,
वीट ढिम्म.
साडेसाताला हलली, आणि हलल्यावर
काटा उतरून पाचावर आला.
"आता कमी का?" रोसाल्बा मान्सियाने विचारलं.
"निघायलाच जड जातं," मी म्हटलं,
"एकदा निघालं की तेवढं नाही."
विटेखाली पेन्सिली सरकवल्या: जेमतेम दोन.
रेमिहियो ग्वेनुमानने आकडे लिहिलेच नाहीत.
वहीत माझं ते वाक्य तेवढं उतरवून घेतलं.

त्या शनिवारी त्याचंच घर हलवायचं होतं.
समुद्र कडा खात खात
कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला होता.
आमच्याकडे घर मोडत नाहीत, ओढून नेतात.
पोटाखाली ओंडके, पुढे दोर, दोरांना बैल,
आणि बोलावणं आलं की कामं टाकून येणारं अख्खं बेट.

मी वर्ग घेऊन गेले.
मागच्या खिडकीत काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला.
बजावलं, पाण्याकडे बघा, बैलांकडे नको.
पण बैलांकडे न बघून कसं चालेल?
बारा जोड्या, खूर चिखलात रुतलेले,
माती मागे रेटणारे,
आणि मातीच त्यांना पुढे रेटणारी.
ओल्या वाटेवर हा नियम घसरतो,
म्हणून दोन म्हातारे आधीच राख पसरून गेले होते.
त्यांना मी काय शिकवणार?

पहिली हाळी. घर ढिम्म.
दुसरी. दोर कुरकुरला, घर नाही.
तेव्हा रेमिहियोची आई आत गेली.
लोखंडी चूल बाहेर काढायला लावली,
मग शिवणयंत्र, बटाट्यांची पोती,
आणि शेवटी, जरा थांबून,
गेल्या हिवाळ्यापासून दाराशी ठेवलेले
नवऱ्याचे रबरी बूट.
बुटांनी असा काय फरक पडणार होता?
मी मनातल्या मनात गणित मांडलं
आणि अर्ध्यात सोडलं.

तिसऱ्या हाळीला वाडगा हिंदकळला,
पाणी मागच्या काठावरून बाहेर.
"मागे राहिलं! पाणी मागे राहिलं!"
रोसाल्बा ओरडली, आणि घर निघालं,
पडदे, धुराडं, दारावरचा नाल, सगळं घेऊन.

उतारावर पंचाईत झाली.
बैल सोडले, मागून चाळीस माणसं दोराला लोंबकळली,
तरी ते पुढेच.
सकाळी निघायचं नव्हतं त्याला,
आता थांबायचं नव्हतं.

तेव्हा दिसला रेमिहियो.
मागच्या दोराच्या टोकाला माझा तानकाटा अडकवून
टाचा रोवून ओढत होता, एकटाच,
काटा शेवटच्या आकड्याच्याही खाली गेलेला,
स्प्रिंग ताणून तार झालेली.
"किती?" मी विचारलं.
शिक्षकाला अशा वेळी दुसरं सुचत नाही.
"मोजता येत नाही, बाई," म्हणाला.
आणि सोडला नाही.

घर चर्चच्या मागे जाऊन बसलं.
रात्री शिंपले, बटाटे, सफरचंदाची दारू,
कुणीतरी अकॉर्डियन आणलं.
जुन्या जागी कोरड्या मातीचा चौकोन उरला.
कोंबड्या त्याच्या कडेकडेने फिरत होत्या,
नसलेल्या भिंतीला वळसा घालून
नसलेल्या पायरीपाशी दाणे शोधत.

चाचणीत विचारलं: जडत्वाचं एक उदाहरण द्या.
दहा जणांनी वाडगा लिहिला.
रेमिहियोने कोंबड्या लिहिल्या.
कास्त्रोहून आलेल्या तपासनीसाने
त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
गुण मी दिलेत तेवढेच राहू दिले.

नवा तानकाटा आलाय कधीचा.
खोक्यात आहे.